श्रीनगर ते लेह : हवाई अंतर आणि लागणारा वेळ

दोन विमानतळांमधले हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून जाणारी त्यांच्यामधली सर्वांत जवळची वाट. श्रीनगर आणि लेह जवळजवळ एकाच अक्षांशावर, ३४ अंश उत्तरेला आहेत. रेखांशांत फरक पावणेतीन अंशांचा. उत्तरेकडे जावे तसतशा रेखांशाच्या रेषा एकमेकींजवळ येतात. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरपाशी एका अंशाला सुमारे १०४ किलोमीटर पडतात, लेहपाशी ९२. त्या हिशेबाने हे अंतर २५५ किलोमीटरच्या आसपास भरते. झोजिला खिंडीवरून जाणारा रस्ता मात्र सुमारे ४२० किलोमीटरचा असून बरेच प्रवासी वाटेत कारगिलला मुक्काम करतात.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने २५५ किलोमीटर वीस मिनिटांत संपायला हवेत. तरीही वेळापत्रकात पाऊण ते एक तास दिलेला असतो, आणि तो योग्यच आहे. हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या तळावर उभे राहीपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीची वाट पाहणे, वर चढणे आणि खाली उतरणे यांतच छोटा टप्पा सरतो. पूर्ण वेग फार थोडा वेळ मिळतो. शिवाय या सरळ रेषेच्या अगदी लगत ७,१३५ मीटर उंचीचे नून शिखर आणि त्याचा जोडीदार कून उभे आहेत. लेहचा तळच ३,२५६ मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या सिंधूच्या खोऱ्यात आहे. तिथली हवा विरळ. दुपारी ती तापून आणखी विरळ होते, खोऱ्यातला वाराही वाढतो. म्हणून लेहची प्रवासी विमाने बहुतांशी सकाळीच ये-जा करतात. सकाळी हवामानाने अडवले, तर प्रवास बरेचदा दुसऱ्या दिवसावर जातो.

बुऱ्हाणपूरहून दिल्लीमार्गे लेहला जाणाऱ्या प्रवाशानेही म्हणूनच किलोमीटरवरून वेळ ठरवू नये. दिल्ली-लेह हवाई अंतर सुमारे ६२० किलोमीटर, उड्डाण साधारण सव्वा ते दीड तासाचे. पण त्याआधी दिल्लीच्या विमानासाठी इंदूर गाठायचे किंवा रेल्वेने थेट दिल्ली. इंदूर हवाई मार्गाने जेमतेम १६५ किलोमीटर असले तरी रस्ता घाटाचा आहे, त्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवावा. सकाळच्या लेह विमानासाठी आदल्या रात्री दिल्लीत मुक्काम करणे सर्वांत सुरक्षित. दोन विमानांची तिकिटे वेगवेगळी काढली असतील आणि पहिले उशिरा पोहोचले, तर चुकलेल्या दुसऱ्या विमानाची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही. अशा वेळी मध्ये भरपूर अवधी ठेवावा, आणि परतीच्या प्रवासात एक दिवस मोकळा. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीचे धरावेत, कारण विमानाने थेट एवढ्या उंचीवर आलेल्या शरीराला विरळ हवेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.