प्रवाळांची जोपासना
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



नवरत्नांत मंगळाचे रत्न म्हणून ज्याची गणना होते आणि ज्याच्या माळा आपल्या आज्या-पणज्यांनी हौसेने गळ्यात घातल्या, ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्राच्या मंद प्रकाशात वाढणाऱ्या एका निराळ्या प्राण्याचा सांगाडा होय. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेले प्रवाळ हे त्याचे दूरचे आप्त. ते उष्ण कटिबंधातील उथळ व उजळ पाण्यात राहतात, आणि पिढ्यान् पिढ्या चुनखडीचे थर रचून त्यांनी उभारलेल्या भित्तींच्या आश्रयाने असंख्य जलचरांचा निर्वाह चालतो. अशा या प्राण्याला जमिनीवरच्या हौदात ठेवून, त्याचे तुकडे करून, ते वाढवून रीतसर पावतीनिशी विकण्याचा एक धंदा गेल्या तीन-चार दशकांत अमेरिका, युरोप व आग्नेय आशिया येथे उभा राहिला आहे. दिवाणखान्यातील काचपेटीसाठी चाललेला हा उद्योग कोणास क्षुद्र वाटेल. परंतु समुद्रातील प्रवाळांवर आज जी आपत्ती कोसळली आहे तिच्याशी झुंजण्यास लागणारी विद्या बहुतांशी याच हौदांच्या काठी साठली आहे, आणि ज्या देशाला आपले प्रवाळ राखावयाचे असतील त्याने ती हस्तगत केल्यावाचून गत्यंतर नाही, अशी माझी धारणा आहे. ती आपणापुढे सप्रमाण मांडावी, एवढाच आजचा हेतू.

प्रवाळ ही वनस्पती नसून प्राणी आहे, हे मार्सेय येथील पेसोनेल नावाच्या वैद्याने अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सांगितले तेव्हा पॅरिसच्या विद्वत्सभेने त्याचे म्हणणे मानले नाही. त्याचे म्हणणे खरे होते. तथापि ते अपुरे होते, कारण भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या प्रत्येक पॉलिपाच्या, म्हणजे वसाहतीतील एकेका बारीक जीवाच्या, पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवले वस्तीला असतात, आणि सूर्यप्रकाशात ती जे अन्न तयार करतात त्यावरच यजमानाचा बहुतेक योगक्षेम चालतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले की हा सहवास मोडतो, शैवले बाहेर टाकली जातात, पारदर्शक देहातून सांगाडा पांढरा दिसू लागतो, आणि पाणी लवकर निवले नाही तर त्या वसाहतीची उपासमार होऊन ती मरते. म्हणून जो कोणी प्रवाळ पाळू म्हणेल त्याला एकाच देहात प्राणी आणि वनस्पती या दोघांचीही मर्जी राखावी लागते: प्रकाश कमी पडला तर शैवले क्षीण होतात, एकाएकी वाढविला तर तीच यजमानास बाधतात; पाणी अगदी निःसत्त्व झाले तर दोघेही रोडावतात, आणि खाद्य फार झाले तर उपरी शेवाळे माजून दोघांनाही झाकून टाकतात.

लागवडीचा मुख्य विधी कोकणातल्या श्रोत्यांना एका वाक्यात कळेल, कारण तो हापूसच्या कलमाच्या जातीचा आहे. निवडलेली एक निरोगी मातृवसाहत विकावयाची नाही, जपावयाची. तिच्या फांद्या कातरीने किंवा, जात दगडी गोळ्याची असेल तर, पाण्याची धार सोडलेल्या हिरकणीच्या पात्याच्या करवतीने कापावयाच्या, आणि प्रत्येक तुकडा, ज्याला या धंद्यात सर्वत्र ‘फ्रॅग’ म्हणतात, चिनी मातीच्या छोट्या बैठकीवर घरोघरी ठाऊक असलेल्या झटपट चिकटणाऱ्या डिंकाने बसवावयाचा. कापलेली कड काही दिवसांत भरून येते, आणि काही आठवड्यांत जिवंत ऊती बैठकीवर पसरून तिला आपलीशी करते; या अवधीत तुकडा कमी प्रकाशात ठेवून क्रमाक्रमाने उजेडाकडे सरकवावा लागतो. चांगला शेतकरी ऊती बैठकीवर पुरती पसरल्याखेरीज माल विकत नाही. डिंक वाळताच विकणारे व्यापारीही आहेत, आणि त्यांच्या गिऱ्हाइकाच्या घरी मरणाऱ्या तुकड्यांचा दोष मग बिचाऱ्या प्राण्याच्या नाजुकपणाला दिला जातो. फांदीदार अ‍ॅक्रोपोरा अनुकूल स्थितीत वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढतो, आणि पोराइटिसाचा घनगोल जेमतेम एक सेंटिमीटर. त्यामुळे पहिल्याची शेती लवकर फोफावली आणि दुसऱ्याच्या वाटेस व्यापारी बराच काळ गेला नाही.

परंतु कापणे आणि चिकटविणे हे हाताचे काम आठवड्याभरात शिकता येते. ज्याला आयुष्य वेचावे लागते ते काम पाण्याचे. दर किलोग्रॅमास सुमारे ३५ ग्रॅम क्षार, २५-२६ अंश तापमान, दर लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि १३०० च्या आसपास मॅग्नेशियम हा जाबता कोणत्याही पुस्तकात सापडेल. अडचण निराळीच आहे. समुद्रातला प्रवाळ कितीही चुना ओढून घेवो, समुद्राच्या साठ्यात त्याने रतीभरही उणे पडत नाही. परंतु फायबरग्लासच्या उथळ हौदात शेकडो तुकडे एकाच वेळी सांगाडा रचू लागले म्हणजे पाण्यातील कॅल्शियम आणि त्याहूनही लवकर पाण्याची क्षारीयता, म्हणजे आम्ल पचविण्याची त्याची शक्ती, रोजच्या रोज खालावते. याचा अर्थ असा की शेत जितके जोमाने वाढेल तितके ते आपल्याच पायाखालचे पाणी अधिक वेगाने झिजविते, आणि काल पुरेसा ठरलेला पुरवठा आज अपुरा पडतो. हे ज्याला उमगले नाही त्याचे हौद बहुधा ऐन भरभराटीच्या काळातच कोसळतात.

या तुटीची भरपाई करण्याच्या युक्ती अनेक आहेत. ठेचलेल्या जुन्या प्रवाळी चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड मिसळलेले पाणी सोडून ती हळूहळू विरघळविणारी नळकांडी आता सर्वत्र दिसतात. पण मला अधिक प्रिय आहे ती मत्स्यालयतज्ज्ञ पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात युरोपात रूढ केलेली साधी पद्धत, जीत चुन्याची निवळी थेंबाथेंबाने हौदात सोडली जाते, आणि तीही विशेषेकरून रात्री, कारण अंधारात शैवलांचे काम थांबून केवळ श्वसन चालू राहिल्याने पाणी आम्लतेकडे झुकते आणि निवळी त्याला सावरून धरते. आपल्याकडे औषधी उपयोगासाठी घरोघर होणारी ही निवळी एका परक्या समुद्रप्राण्याची हाडे घडविते, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र ती थेंबानेच सोडावयाची, कारण प्रवाळ एखादा आकडा थोडा उणा-अधिक असल्यास निभावून नेतो. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असे झाल्यास मात्र त्याची ऊती सांगाड्यावरून सुटू लागते. यास्तव चांगल्या शेतावर यंत्रांपेक्षा रोजनामा मोलाचा असतो. तापमान, क्षारता, क्षारीयता, कोणत्या हौदात किती निवळी गेली, कोणत्या मातृवसाहतीचे पॉलिप दिवसा मिटलेले दिसले, यांची तारीखवार नोंद ठेवणारा माणूस विकार डोळ्यांना दिसण्यापूर्वीच कागदावर ओळखतो. वीज गेली तर पाण्याची हालचाल थांबून प्राणवायू तासागणिक घटतो. म्हणून जनित्राची तजवीज नसलेले शेत, मग त्याचे दिवे कितीही दिमाखदार असोत, मी शेत मानीत नाही.

रोगकिडीचा बंदोबस्त हा दुसरा मोठा विभाग. अ‍ॅक्रोपोराचीच ऊती खाणारा, तिच्याच रंगात लपणारा एक चपटा कृमी आहे. औषधी पाण्यात बुडविल्यास तो गळून पडतो, परंतु मृत सांगाड्याच्या बुडाशी चिकटविलेली त्याची अंडी त्या स्नानाला जुमानीत नाहीत, आणि ती फुटून पुन्हा पिल्ले निघेपर्यंत शेतकरी निर्धास्त झालेला असतो. म्हणून नवा माल अनेक आठवडे विलगीकरणाच्या हौदात राहावयाचा, आणि त्या काळात बैठकीखालची अंडी पुनःपुन्हा खरडून काढावयाची, याला पर्याय नाही. शेजारधर्माचीही काळजी घ्यावी लागते, कारण कित्येक प्रवाळ रात्री दंश करणारे लांब शुंड पसरून शेजाऱ्यास भाजून काढतात. मनुष्यालाही जोखीम आहे: पॅलिथोआ नावाच्या मऊ, बटणासारख्या जातीतून १९७१ मध्ये हवाई येथील शास्त्रज्ञांनी वेगळे केलेले पॅलिटॉक्सिन हे ज्ञात विषांतील अत्यंत उग्र विषांपैकी एक असून, हातमोजे आणि चष्मा घातल्यावाचून ती जात कापणे, किंवा कोणत्याही स्थितीत तिच्यावर उकळते पाणी ओतणे, म्हणजे जिवाशी खेळ.

आता व्यापाराच्या नैतिक बाजूकडे वळतो. कठीण प्रवाळांची आंतरराष्ट्रीय देवघेव वन्यजीव-व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्याने चालते, आणि त्या परवान्यावर माल जंगली की लागवडीचा हे नमूद करावे लागते. समुद्रातून तोडून आणलेली फांदी लागवडीची म्हणून दाखल करणे कठीण नाही, हे मान्य केलेच पाहिजे. दस्तऐवज खरा आणि माल खोटा, हा प्रकार प्रत्येक जकातीच्या नाक्याला परिचित आहे. या धंद्याचा सर्वांत मोठा पुरवठादार असलेल्या इंडोनेशियाने २०१८ मध्ये प्रवाळांची निर्यात एकाएकी थांबविली तेव्हा, किनाऱ्यालगत मांडवांवर खरोखरच लागवड करणाऱ्या गावकऱ्यांचीही कुचंबणा झाली; पुढे सुमारे दीड वर्षाने लागवडीच्या मालाला वाट मोकळी झाली. सरसकट बंदीने चोर आणि शेतकरी यांना एकाच पंक्तीस बसविले जाते, असे माझे मत या उदाहरणाने दृढ झाले. हौदातल्या मातृवसाहतीची वंशावळ नोंदलेली असेल, आणि तिच्या प्रत्येक कलमाचा हिशेब लागत असेल, तर असा एकेक तुकडा समुद्रातील एकेका फांदीवरचा घाव वाचवितो.

आणि या विद्येचे खरे ऋण पुढेच आहे. फ्लोरिडातील समरलँड की येथे मोट या सागरी संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत डेव्हिड वॉन यांच्या हातून सुमारे २००६ साली एल्कहॉर्न प्रवाळाचा एक तुकडा चुकून मोडला, आणि हौदाच्या तळाशी राहिलेली त्याची बारीक खापरी अपेक्षेच्या कितीतरी पट वेगाने वाढताना दिसली. यातून सूक्ष्मखंडनाची रीत निघाली: एका वसाहतीचे सुमारे चौरस सेंटिमीटरचे तुकडे करून ते जवळजवळ ठेवावयाचे, म्हणजे जखम भरून काढण्याच्या त्वरेने ते पसरतात, आणि एकाच वंशाचे असल्यामुळे एकमेकांस भिडताच भांडण न करता एकजीव होतात. ज्या घनगोल जातींच्या वाटेस संथ वाढीमुळे कोणी जात नव्हते, त्या जातींनाही यामुळे लागवडीचा मार्ग मोकळा झाला. आणि या रीतीने वाढवून भित्तीवर लावलेल्या प्रवाळांनी पाच वर्षांनी, २०२० च्या ऑगस्टमध्ये, स्वतः बीजोत्सर्ग केला, ही घटना मला विज्ञानाच्या अलीकडच्या इतिहासातील अत्यंत उत्साहवर्धक घटनांपैकी एक वाटते.

हीच रीत घेऊन सॅम टायकर आणि गेटर हॅल्पर्न या दोघांनी २०१९ मध्ये बहामा बेटांतील ग्रँड बहामा येथे ‘कोरल व्हिटा’ हे शेत काढले. त्याचा जमाखर्च काचपेटीच्या गिऱ्हाइकावर अवलंबून नाही. उजाड भित्ती पुन्हा लावून देण्याचे काम आणि शेत पाहावयास येणारे प्रवासी यांवर ते चालावे, अशी योजना. शेत उघडून काही महिने झाले नाहीत तोच सप्टेंबरात डोरियन वादळाने ते धुऊन नेले. तरी ते पुन्हा उभे राहिले आणि २०२१ मध्ये त्यास अर्थशॉट पारितोषिक मिळाले. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्राची कला यांचे वार्षिक चक्र हौदावर कृत्रिम रीतीने फिरवून प्रवाळांना ठरल्या रात्री बीजोत्सर्ग करावयास लावण्याचे जे तंत्र साधले, तेही याच परंपरेतले. कलमांचा वंश एकच असल्याने एका रोगाने ती सर्व जाऊ शकतात, यास्तव बीजापासून निघालेली नवी संतती कलमांच्या जोडीला असणे अपरिहार्य आहे.

या सर्व प्रयत्नांची मर्यादा २०२३ च्या उन्हाळ्याने कठोरपणे दाखविली. फ्लोरिडात समुद्राचे पाणी इतके तापले की समुद्रतळावरच्या रोपवाटिकांतील प्रवाळ घाईघाईने उचलून जमिनीवरच्या हौदांत आणावे लागले. जे आणता आले त्यांचे वंश वाचले, आणि मागे राहिलेल्यांतील फार मोठा भाग नष्ट झाला. कर्बवायूंनी तापणारा समुद्र कोणतेही शेत थंड करू शकत नाही. परंतु समुद्र निवेपर्यंत वंश टिकवून धरणे शेताला शक्य आहे, आणि ते काम ज्यांनी वर्षानुवर्षे चुन्याची निवळी मोजली त्यांनाच करता आले.

आपल्या देशात भित्ती बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांची व्यापारी लागवड येथे होऊ शकत नाही. हा कायदा मी योग्य मानतो. लूट थांबविण्यास तो आवश्यक होता. पण लूट हा एकच शत्रू असता तर गोष्ट निराळी. मालवणच्या खडकांवरील पोराइटिस आणि विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरांवर समुद्रात बुडालेला, कान्होजी आंग्र्यांचे नाव वागविणारा आंग्रिया मंच यांना तापलेल्या पाण्यापासून अनुसूची वाचवू शकत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या बांधकामासाठी २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली प्रवाळांच्या १८ वसाहती हलविल्या गेल्या; तेव्हा अनेकांना मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहेत हेच प्रथम कळले. पावसाळी गाळ आणि गोड्या पाण्याचा लोंढा सोसून जगणारे हे वंश त्यांच्या काटकपणामुळेच राखून ठेवण्याजोगे आहेत, आणि ते जिवंत ठेवण्याचा नित्य सराव असलेली माणसे आपल्याजवळ हवी तितकी नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी की मालवण, रत्नागिरी किंवा गोवा येथे, वनखात्याच्या रीतसर परवान्याने आणि विक्रीस पूर्ण मनाई ठेवून, काही थोडे हौद मांडले जावेत. कोकण किनाऱ्यावरील प्रत्येक जातीच्या निरनिराळ्या वसाहतींची कलमे, त्यांच्या मूळ ठिकाणाच्या दाखल्यासह, तेथे वाढविली जावीत. त्यांच्या दिमतीस प्राणिशास्त्राच्या पदवीधरांबरोबर तारकर्ली-मालवणचे पाणबुडे तरुण नेमावेत, कारण तळाचा खडक आणि पाण्याची चाल त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पुढच्या उष्ण लाटेत कोणती वसाहत उचलावयाची, कोठे न्यावयाची आणि किती काळ ठेवावयाची, हे ठरविण्यास लागणारे आकडे त्यांच्या रोजनाम्यात जमू लागण्यास काही वर्षे लागतील. म्हणून हे काम लाट येण्यापूर्वी, याच पावसाळ्यानंतर, सुरू झाले पाहिजे.