मुक्तीचा जागर आणि राष्ट्राचे शील



धर्मजागृतीने राष्ट्राचे शील सुधारते काय, हा प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवीत आहे. त्याचे उत्तर शोधताना मला पुणे जिल्ह्यातील केडगाव आणि तेथील पंडिता रमाबाई आठवतात.

संस्कृत शास्त्रांत पारंगत अशा या विदुषीने दुष्काळाच्या भटकंतीत आईवडील गमावले होते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पुढे हे सदन पुण्यास आले. १८९३ मध्ये तेथील धर्मशिक्षणाविषयी मोठा वाद उसळला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनीही सल्लागारपद सोडले. धर्मांतराविषयीची ती शंका आजही पुष्कळांच्या मनात आहे आणि ती दृष्टीआड करून हा विषय मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परंतु पुढील घटनाही ध्यानात घ्यावी. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावी ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. तेथे शेती होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखानाही होता. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवली जाई. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी निराळे ‘कृपा सदन’ होते.

याच सदनात १९०५ च्या जूनअखेरीस ती प्रसिद्ध धर्मजागृती झाली. वर्षाच्या आरंभापासून तेथे नित्य सामुदायिक प्रार्थना चालू होती. त्या दिवसांत मुली रडल्या, प्रार्थनेत रात्री जागल्या, याची वर्णने पुष्कळ आहेत. मला त्यांतील एकच गोष्ट मोलाची वाटते : तेथे मुलींनी स्वतःचे अपराध कबूल केले. जगाच्या पापांचा पाढा वाचण्याआधी प्रत्येकीने आपल्या अंतःकरणाची झडती घेतली.

आणि दुसऱ्या दिवशीची कामे थांबली नाहीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते त्यांनी पुरे केले आणि ते सदनाच्याच छापखान्यात छापले गेले. ज्या मुलींना अक्षरओळख नाकारली गेली होती, त्यांच्याच हातांनी तेथे खिळे जुळवले.

राष्ट्राचे शील घोषणांनी घडत नाही. ते आत्मपरीक्षणाने जागे होते आणि अनाथाच्या घासात दिसते. ही कसोटी केवळ ख्रिस्ती श्रद्धेला नव्हे, आपल्या प्रत्येकाच्या श्रद्धेला लागू आहे.

आपले फरीदाबाद याचा साक्षी आहे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी स्वतःच्या श्रमाने हे औद्योगिक नगर उभारले. त्यांना केवळ अन्नछत्र नको होते. काम आणि मान हवा होता. केडगावच्या मुलींनाही तेच हवे होते. अशा नगरात मायमराठीचे दार उघडे ठेवणाऱ्या या शाळेने हे विसरू नये.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. या महोत्सवात शाळेच्या यशाची यादी अवश्य वाचा. परंतु आपल्या दारातून कोण परत गेले, हेही एकदा मनाशी विचारा. त्या प्रश्नापासूनच खरा जागर सुरू होतो.