जन्मलेल्या लेकराची सोनोग्राफी कशाला?



सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक गरोदर बाई, आणि दुसरी दवाखान्याच्या भिंतीवरची पाटी, ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’. म्हणून जन्म झाल्यावर, काचेत ठेवलेल्या बाळाची सोनोग्राफी करायची आहे असं डॉक्टर म्हणाले, की घरचे बुचकळ्यात पडतात. आमच्या एका गटातल्या सासूबाई डॉक्टरांना सरळ म्हणाल्या, “आता कायची सोनोग्राफी? पोरगी हाय, हे त दिसूनच रायलं!”

वॉर्डातल्या बाया हसल्या. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नात एकतिसाव्या आठवड्यात झालेली, वजन तेराशे ग्रॅम. मशीनचा करंट लेकराच्या डोक्याला लागेल, त्यापेक्षा सुट्टी मागून घरी नेलेलं बरं, असं घरच्यांच्या मनात बसलं होतं. गाडीसुद्धा सांगून झाली होती. एका नर्सताईने अर्धा तास बसून समजावलं म्हणून मुलगी तिथं राहिली. प्रत्येक वॉर्डात अशी नर्सताई मोकळी सापडेलच असं नाही. म्हणून आज हे बोलणं.

आधी करंटची भीती काढू. विहिरीत वाकून हाक मारली की आपलाच आवाज परत येतो. सोनोग्राफीचं मशीन तेच करतं. फक्त त्याचा आवाज इतका बारीक असतो की माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. तो अंगात जातो, आतल्या अवयवांवर आपटून परत येतो आणि त्यावरून पडद्यावर चित्र दिसतं. यात करंट लागत नाही. एक्स-रेसारखे किरणही नसतात, त्यामुळे गरज पडली तर पुन्हा पुन्हा पाहता येतं.

आता डोक्याचं. हाडातून हा आवाज नीट आत जात नाही. पण तान्ह्या बाळाच्या डोक्यावर एक मऊ जागा असते, जिथं आपल्या आज्या तेल घालून टाळू भरतात. तिथं हाड अजून जुळलेलं नसतं. डॉक्टर त्याच जागी थोडी जेली लावून मशीनचा दांडा, म्हणजे प्रोब, हलकेच टेकवतात आणि मेंदू पाहतात. टाळू वर्ष-दीड वर्षात बुजते, मग ही वाट बंद होते.

पाहायचं काय असतं? सहसा बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. पहिल्या तीन दिवसांत त्यांतून रक्त झिरपण्याचा धोका सगळ्यात जास्त. वरून काही कळत नाही. बाळ शांत झोपल्यासारखंच दिसतं. म्हणून अशा बाळांच्या डोक्याची सोनोग्राफी पहिल्या आठवड्यात करतात आणि साधारण महिन्याभराने परत करतात. थोडं रक्त दिसलं तर बऱ्याचदा ते आपोआप विरतं. जास्त असेल तर डोक्यात पाणी साचू शकतं, त्यावर नजर ठेवावी लागते. आमच्या त्या नातीच्या डोक्यात थोडं रक्त दिसलं होतं. महिन्याने परत पाहिलं तेव्हा ते विरलेलं होतं. आता ती बसायला लागली आहे, तरी तपासणीच्या तारखा चालूच आहेत.

हृदयाचंही असंच आहे. पोटात असताना बाळ फुप्फुसाने श्वास घेत नाही, म्हणून हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक वाट उघडी असते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती दोन-तीन दिवसांत मिटते. कमी दिवसांच्या बाळात कधी उघडीच राहते, आणि बाळाला धाप लागते. ती किती उघडी आहे, औषध द्यायचं की थांबायचं, हे ठरवायला डॉक्टर आत पाहतात. छातीवर प्रोब ठेवून फुप्फुसात पाणी आहे का, फुप्फुसाबाहेर हवा साचली आहे का, हेही आता कळतं. 2020 मध्ये युरोपातल्या बाल व नवजात अतिदक्षता डॉक्टरांच्या संघटनेने आजारी बाळाजवळच सोनोग्राफी कशासाठी वापरावी, याचे नियम जगभरच्या डॉक्टरांसाठी काढले.

‘बाळाजवळच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तेराशे ग्रॅमच्या बाळाला गरम वॉर्मरमधून काढून, ऑक्सिजनच्या नळीसकट दुसऱ्या खोलीत नेणं म्हणजेच एक संकट. ते गार पडतं, नळी सरकते. मशीनच बाळाजवळ आलं तर हे सगळं टळतं. मात्र हे मशीन नुसतं दाखवतं, बरं करत नाही. पाहणारा डॉक्टर शिकलेला हवा, हात आणि प्रोब स्वच्छ हवेत, आणि बाळाला उगाच वारंवार हात लावू नये. हृदयात जन्माचा दोष आहे असा संशय आला तर वरच्या दवाखान्यातल्या हृदयाच्या डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी लागतेच.

मग हे मशीन सगळीकडे का फिरवत नाहीत, असं एका बैठकीत विचारलं गेलं. त्याचं उत्तर त्या पाटीतच आहे. महाराष्ट्राने 1988 मध्येच गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, आणि 1994 मध्ये देशाचा कायदा झाला. तरी 2011 च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली 894 च निघाल्या. दहा वर्षांपूर्वी त्या 913 होत्या. गाडीत मशीन टाकून गावोगाव फिरणारे होतेच. म्हणून 2012 मध्ये नियम आला. हातात नेण्याजोगं मशीन ज्या दवाखान्यात नोंदलं आहे तिथंच, भरती असलेल्या रुग्णांसाठी वापरायचं, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या दवाखान्यात. त्यामुळे एखादा डॉक्टर आपलं मशीन पिशवीत घालून दुसऱ्या दवाखान्यातल्या बाळासाठी नेऊ शकत नाही.

काही लोक म्हणतात, कायदा सैल करा. आम्ही म्हणणार नाही. 894 चा आकडा आपल्याच घरांतून आला आहे. पण ज्या मशीनच्या भीतीने मुलींचा जीव गेला, त्याच मशीनने काचेतली मुलगी वाचत असेल, तर प्रत्येक नवजात अतिदक्षता कक्षात नोंदणी केलेलं मशीन आणि ते चालवायला शिकलेला डॉक्टर असावा, ही मागणी आपण ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत केली पाहिजे. गावात सभामंडप मागायला आपण जातोच ना!

चांदूरच्या बायांसाठी थोडं कामाचं. जिल्ह्याचा नवजात अतिदक्षता कक्ष अमरावतीला जिल्हा स्त्री रुग्णालयात, म्हणजे आपल्या डफरीनमध्ये आहे. दिवस भरायच्या आधी कळा लागल्या, पाणी गेलं, तर घरी वाट पाहू नका. पोहऱ्याच्या जंगलातून बाळाला नेण्यापेक्षा ते आईच्या पोटात असताना नेणं केव्हाही सोपं. 108 किंवा 102 ला फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचा उपचार, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी एक वर्षाचं होईपर्यंत मोफत आहे. सोनोग्राफीही तपासणीतच येते. कुणी पैसे मागितले तर पावती मागा आणि वैद्यकीय अधीक्षकांना भेटा.

सोनोग्राफी झाली की डॉक्टरांना विचारा, काय पाहिलं, काय दिसलं, परत कधी पाहायचं. उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारा, लाजू नका. बाळंतीण टाक्यांमुळे खाली झोपून असते आणि काचेजवळ बाप किंवा आजी उभी असते, म्हणून हे प्रश्न त्यांनाही पाठ हवेत. सुट्टीचा कागद लोखंडी पेटीत नको, आशाताईला दाखवा. ती बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येते. घरी येऊन तान्ह्या बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून उभी केली, मग ती देशभर गेली.

आणि काचेतून घरी आलेल्या बाळाची टाळू तेलाने भरायची का, हेही सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या. टाळू फुगलेली वाटली, बाळ दूध ओढेना, सारखं उलटी करू लागलं किंवा झटका आला, तर तेलाची वाटी खाली ठेवा आणि त्याच घडीला 108 लावा.