नॉमिनी म्हणजे मालक नव्हे



मालमत्तेचा विषय निघाला की चळवळीतील माणूस अवघडतो. ती धनिकांची बाब, असे तो मानतो. परंतु ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील कामगाराने, कारकुनाने वा शिक्षिकेने भविष्यनिर्वाह निधी आणि कर्जाचे हप्ते यांतून घेतलेली दोन खोल्यांची सदनिका हीही मालमत्ताच होय. किंबहुना आयुष्यभराच्या श्रमांची तीच एकमेव शिल्लक असते.

या घरांतून एक समज दृढ आहे: गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरी ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लागले, तो मालक झाला. हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार, वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा केवळ तात्पुरता सभासद असतो. शेअर्सच्या नॉमिनीबाबतही तो वारसांना डावलू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

मग मालक कोण? मृत्युपत्र नसेल, तर ते कायदा ठरवतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, पतीच्या स्वकमाईच्या सदनिकेत त्याची आई, पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली असे पाच समान वाटेकरी होतात. मुलींचा वाटा हा भावाचा उपकार नव्हे, तो हक्क आहे. हक्कसोडपत्रावर सही मागताना हे विसरले जाते. पण त्याच हिशेबाने, जिने चाळीस वर्षे ते घर सांभाळले तिच्या हाती केवळ पाचवा हिस्सा उरतो.

कमावत्या स्त्रीची स्थिती याहून बिकट आहे. अपत्यहीन विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिची स्वकमाई आईवडिलांकडे न जाता प्रथम पतीच्या वारसांकडे जाते. पतीच्या निधनानंतर सासरने घराबाहेर काढलेली एक स्त्री माहेरच्या आधाराने शिकली, नोकरीला लागली. तिच्या पश्चात तिची शिल्लक आईला नव्हे, तर नणंदेच्या मुलांना मिळाली. २००९ चा हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाचा आहे.

यावरचा उपाय स्वस्त आहे. साध्या कागदावर, मातृभाषेत, स्वकमाईचे मृत्युपत्र करता येते. मुद्रांक लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, मात्र केलेली बरी. दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत आणि ते लाभार्थी नसावेत हे उत्तम. तारीख स्पष्ट हवी, कारण शेवटचे मृत्युपत्रच ग्राह्य धरले जाते. मुस्लिम कुटुंबांना मात्र त्यांचा व्यक्तिगत कायदा लागू असून, वारसांच्या संमतीविना एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही.

समतेची भाषा सभेत बोलणाऱ्या कार्यकर्त्याने प्रथम स्वतःच्या घरचा कागद पाहावा. त्यावर पत्नीचा निवारा आणि मुलीचा वाटा सुरक्षित नसेल, तर ती समता उंबरठ्याबाहेरच थांबली आहे.