गळ्यात गाठ नव्हती, तरीही



आज आमच्या गटातल्या एका काकूंबद्दल बोलणार आहे. नाव सांगत नाही, पण त्यांना विचारूनच बोलते आहे. "सांग की, माझ्यासारखी दुसरी कुणी बसली असंल तोंड मिटून," असं त्या म्हणाल्या.

काकू गटाच्या पहिल्या दिवसापासूनच्या सभासद. हप्ता कधी चुकला नाही. गेल्या वर्षी दोन-तीन बैठकांत चहाबरोबर चिवडा आला की त्या नको म्हणायच्या. मला वाटलं, उपास असेल. खरं कारण वेगळंच होतं. जिभेच्या कडेला एक जखम झाली होती आणि तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. चाळीस वर्षं मिश्री लावायची सवय. मी दर महिन्याला त्यांच्यासमोर बसून वहीत त्यांचा अंगठा घेत होते आणि मला कळलं नाही. हे अजून मनाला लागतं.

शेवटी आमच्या आशाताईंनी बॅटरी लावून बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी दंत महाविद्यालयात पाठवलं. तिथे तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचा वेगळा विभाग असतो, हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. आपल्याला वाटतं, ते फक्त दात काढणारे. तिथे छोटा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला, पण लहान. पुढे मोठ्या रुग्णालयात सर्जन म्हणाले, जिभेचा तेवढा भाग काढू आणि त्याच वेळी त्या बाजूच्या गळ्यातल्या ग्रंथीही काढू.

इथे घर अडलं. काका म्हणाले, "हाताला गाठ लागत नाही, सोनोग्राफीत काही नाही, मग चांगला गळा कापायचा कशाला?" जाऊबाई म्हणाल्या, सुरी लावली की रोग पसरतो. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होणार होतं, म्हणजे पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न विश्वासाचा होता. तारीख सोडली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मग मी काकांना म्हटलं, तुमचा प्रश्न चुकीचा नाही, पण तो घरात बसून विचारू नका, डॉक्टरांना विचारा. मीही येते.

डॉक्टरांनी काकांचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाच प्रश्न आम्हा डॉक्टरांनाही कित्येक वर्षं पडला होता." त्यांनी सांगितलं आणि मी नंतर वाचलं, ते तुम्हाला सांगते. मी बी.ए. झालेली बाई, डॉक्टर नाही, म्हणून मला समजलं तेवढंच.

तोंडातला कॅन्सर पसरतो तेव्हा बहुतेक वेळा आधी गळ्यातल्या ग्रंथींत जातो. सुरुवातीला तो इतका बारीक असतो की हाताला लागत नाही, सोनोग्राफीतही सुटू शकतो. काही डॉक्टर म्हणायचे, जिभेबरोबर गळ्याचंही ऑपरेशन करून टाका. दुसरे म्हणायचे, ज्यांच्या गळ्यात काही नाही त्यांना कशाला त्रास? या ऑपरेशननंतर खांदा दुखतो, हात वर करायला जड जातो. त्यापेक्षा लक्ष ठेवू, गाठ आली तर तेव्हा काढू. दोन्ही बाजूंना मोठमोठे डॉक्टर होते.

याचं उत्तर शोधलं ते आपल्या मुंबईत, टाटा मेमोरियल रुग्णालयात. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षं हे काम केलं. तोंडाचा लहान कॅन्सर असलेले आणि गळ्यात गाठ न लागणारे रुग्ण घेतले. बहुतेकांचा कॅन्सर काकूंसारखाच, जिभेचा. अर्ध्यांचं गळ्याचं ऑपरेशन लगेच, अर्ध्यांचं गाठ आली तरच.

कुणाचं लगेच, कुणाचं नंतर, हे डॉक्टरांनी ठरवलं नाही. आपल्या भिशीत चिठ्ठी काढतात ना, तसं. हे ऐकून मला आधी रागच आला, माणसाच्या जिवाची चिठ्ठी काढायची? मग आमच्या शेळ्या आठवल्या. नवीन खुराक आला तेव्हा आम्ही तो अंगाने बऱ्या असलेल्या शेळ्यांना दिला आणि म्हटलं, बघा कशा वाढल्या. त्या तशाही वाढल्याच असत्या. डॉक्टरांनीही धडधाकट रुग्ण एका बाजूला घातले असते, तर खरं काय ते कधीच कळलं नसतं. आणि कुठली पद्धत बरी हे कुणालाच नक्की माहीत नसेल, तेव्हाच अशी चिठ्ठी टाकायची असते. माहीत असूनही टाकली तर तो गुन्हाच.

पाचशे रुग्णांचा हिशेब झाला तेव्हा चित्र स्पष्ट दिसलं. लगेच ऑपरेशन केलेल्यांपैकी तीन वर्षांनी शंभरातले ८० जिवंत होते. वाट बघितलेल्यांपैकी साधारण ६७. शंभरामागे बारा-तेरा माणसांचा फरक. लगेच ऑपरेशन झालेल्यांच्या ग्रंथी तपासल्या, तर दहातल्या जवळजवळ तिघांच्या गळ्यात कॅन्सर आधीच पोचलेला होता, हाताला न लागता. हिशेबावर नजर ठेवायला एक वेगळी समिती होती. तिने सांगितलं, आता नवीन रुग्ण घेणं थांबवा, उत्तर मिळालंय. २०१५ मध्ये हे शिकागोच्या मोठ्या परिषदेत मांडलं गेलं आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ज्यांची चिठ्ठी दुसरीकडं निघाली, त्यांचं काय?" डॉक्टर म्हणाले, "त्यांच्यामुळेच मी आज तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकतो." काकांनी पेन मागितलं. चार दिवसांनी ऑपरेशन झालं. काकूंच्याही दोन ग्रंथींत कॅन्सर निघाला. हाताला न लागणारा.

पण गोष्ट इथे संपत नाही. टाके काढायला गेलो तेव्हा एका शिकाऊ डॉक्टरने पाच पानांचा इंग्रजी कागद पुढे केला. "अभ्यास आहे, इथे अंगठा द्या." खांद्याच्या व्यायामाच्या दोन पद्धतींची तुलना होती. काकू अंगठा पुढे करणारच होत्या, कारण आपल्याला तीच सवय. हात मी धरला. कर्जाच्या कागदावर न वाचता अंगठा द्यायचा नाही, हे मीच शिकवते. मग इथे का द्यावा?

आम्ही मराठी कागद मागितला. तोवर त्या बाकड्यावर बसून राहिलो. आपला तो हक्कच आहे, उपकार नाहीत. माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल, तर तिथल्या डॉक्टरांशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा आणि कागद मोठ्याने वाचून दाखवायला हवा. नाही म्हटलं किंवा मधेच सोडलं, तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. अभ्यासामुळे काही इजा झाली, तर उपचार फुकट. अशा अभ्यासाला आधी नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते आणि कागदावर त्या समितीचा फोन असतो. तो आहे का, एवढं तरी बघा. मराठी कागद तासाभराने आला. एक वयस्कर मॅडम आल्या आणि त्यांनी सगळं पुन्हा नीट सांगितलं.

मी काकूंना म्हटलं, नको वाटत असेल तर नको म्हणा. त्यांचं बोलणं तेव्हा अजून जडच होतं. त्या म्हणाल्या, "माझ्या गळ्याचं उत्तर दुसऱ्यांनी दिलं. खांद्याचं मी देते की." आणि मग अंगठा दिला.

आता त्या रोज भिंतीवर बोटं चढवतात. चुन्याने खूण करून ठेवली आहे, काल कुठवर आणि आज कुठवर. मिश्रीचा डबा सुनेने चुलीत घातला.

येत्या सोमवारच्या बैठकीत आशाताई बॅटरी घेऊन येणार आहेत. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर आधी त्यांच्यासमोर बसा, हप्ता नंतर भरा. चिवडा असणार आहे. नको म्हणाल तर का ते मी विचारणार आहे.