नागपाड्याचा कप्तान

बास्केटबॉल जन्मला १८९१ साली, अमेरिकेतल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत. मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या मैदानावर तो गल्लीतल्या पोरांचा झाला. तिथूनच आले अब्बास मुंतासिर, भारताचे कप्तान आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी. त्यांच्या काळी तीन गुणांची रेषाच नव्हती; आंतरराष्ट्रीय खेळात ती आली १९८४ मध्ये. चेंडू लांबून टाका नाहीतर रिंगखालून, गुण दोनच! त्यामुळे ड्रिबल करत, बचाव फोडत दहा फुटांवरच्या रिंगपर्यंत घुसणाऱ्याला फार मोल. पुढे मुंतासिर प्रशिक्षक झाले आणि नागपाड्यातल्याच पोरांना घडवू लागले. मला हे काम पुरस्काराहून मोठं वाटतं. आपल्या संभाजीनगरच्या मैदानांवरही असे कप्तान शिकवायला उतरायला हवेत.