भाषेची पदवी आणि शास्त्र



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा घरातलेच उदाहरण घेऊन बोलते. मुलीने मराठी घेऊन बी. ए. केले की बायका विचारतात, "आता मास्तरीणच ना?" मला वाटते, अशा मुलींची शास्त्रालाही गरज आहे.

मुलाला जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे, असे सांगतात. पण चमचा कोणता? चहाचा की वाढायचा? सपाट की शिगोशीग? चहाचा, आणि सपाटच! मीठ वाढले तर लेकराला अपाय होतो. उपाय शास्त्रज्ञांनी शोधला. पण तो न चुकता घरोघरी पोचवायला शब्द तोलून वापरणारे माणूस हवे.

अमेरिकेचे डेव्हिड क्वामेन ऑक्सफर्डला साहित्य शिकले. जनावरांपासून माणसांत येणाऱ्या रोगांवर त्यांनी २०१२ साली 'स्पिलओव्हर' हे पुस्तक लिहिले, कोविडच्या कितीतरी आधी. आपल्याकडेही मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून शास्त्र सांगत आहे.

मात्र नुसती गोड भाषा पुरत नाही. तज्ज्ञाला न लाजता पुन्हा पुन्हा विचारावे, आपल्याला उमगल्यावाचून एक ओळ लिहू नये.

तेव्हा मुलीने भाषा घेतली म्हणून हळहळू नका, एवढेच सांगून आपली रजा घेते.